पासकोड विसरलाय? टॅब पुसण्याआधी जरा थांबा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीहून आत्याचा फोन आला. "अरे, हा टॅब म्हणतोय पंधरा मिनिटांनी या. पंधरा मिनिटांनी गेले, तर म्हणतो आता तासाने या. कचेरी आहे का ही?"

झालं होतं असं. मेच्या सुट्टीत नातू आला होता. धाकट्या बहिणीने गेम उघडू नये म्हणून त्याने निघायच्या आदल्या दिवशी आजीच्या आयपॅडचा पासकोड बदलला आणि तसाच पुण्याला परत गेला. आत्या काही टॅब रोज उघडत नाही. आठवड्याने कीर्तन लावायला घेतला, तर उघडेना. नातवाला फोनवर विचारलं, तर आधी म्हणाला आजोबांच्या स्कूटरचा नंबर. मग म्हणाला तोच, पण उलटा. तिसऱ्या फोनला रडायलाच लागला. आत्याने त्याचं प्रत्येक उत्तर इमानदारीने टाकून पाहिलं, वर स्वतःच्या मनाची दोन-चार टाकली. दर चुकीला टॅबने वाट बघायची वेळ वाढवली.

आत्याचं म्हणणं सरळ होतं. "टॅब माझा, घर माझं, पावतीसुद्धा आहे. घराची किल्ली हरवली तर किल्लीवाला येतो आणि दहा मिनिटांत उघडून देतो. मग कंपनीला का उघडता येत नाही?"

तिला फोनवर मी जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग मांडतोय. आत्याचा टॅब आयपॅड असला तरी अँड्रॉइडवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो.

## किल्लीवाला का येऊ शकत नाही

घराचं कुलूप दाराला असतं. दार फोडलं की आतली भांडीकुंडी जिथल्या तिथे असतात. टॅबमध्ये मात्र प्रत्येक फोटो, प्रत्येक टिपण साठवतानाच गिचमिड करून ठेवलेलं असतं. या गिचमिडीला एन्क्रिप्शन म्हणतात.

एखाद्या वाड्याच्या माळ्यावर पेटारा सापडतो, आत मोडी लिपीतली कागदपत्रं. पेटारा फोडायला सुतार पुरतो, पण कागद वाचायला मोडी येणारा माणूस लागतो. मोडी निदान शिकता तरी येते. टॅबची 'मोडी' मात्र जगात त्या एकाच टॅबपुरती असते. ती वाचायची किल्ली दोन गोष्टी मिसळून तयार होते. एक तुमचा पासकोड, आणि दुसरा म्हणजे चिप बनतानाच तिच्यात कोरलेला एक लांबलचक गुप्त आकडा. हा आकडा चिपच्या बाहेर येत नाही. ॲपलच्या सांगण्यानुसार तो त्यांच्याकडेही नोंदलेला नसतो. अँड्रॉइडमध्ये तपशील वेगळे असले तरी तत्त्व हेच, आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या नव्या टॅबना एन्क्रिप्शन सक्तीचं आहे.

म्हणजे पासकोड हा दाराचा कडी-कोयंडा नव्हे, किल्लीचा अर्धा भाग आहे. तो अर्धा भाग फक्त तुमच्या डोक्यात होता. डोक्यातून गेला की उरलेला अर्धा कुणाच्याच कामाचा नाही, कंपनीच्याही नाही. पावती दाखवून मालकी सिद्ध होते, पण पावतीतून आकडे निघत नाहीत.

## मग दर वेळी वाट का बघायला लावतो?

कारण चार आकडी पासकोडच्या शक्यता जेमतेम १०,००० असतात. आयपॅडमधली चिप मुद्दामच अशी बनवली आहे की एक पासकोड तपासायला तिला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात. आपल्याला हे कळतही नाही. पण मध्ये काहीच आडकाठी नसती आणि एखाद्या यंत्राने ०००० पासून ९९९९ पर्यंत ओळीने सगळे आकडे टाकले असते, तर तेरा-चौदा मिनिटांत टॅब उघडला असता. चहा पिऊन होईपर्यंत. सहा आकडी असेल तर शक्यता १० लाख, म्हणजे सुमारे बावीस तास. अक्षरं आणि आकडे मिसळून सहा जागांचा पासकोड ठेवला तर साडेपाच वर्षांहून जास्त.

चार आकड्यांचा कमकुवतपणा भरून काढायला ही वाट बघायची शिक्षा घातली आहे. पहिले काही प्रयत्न माफ. मग एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तास, अशी वाढत जाते, आणि शेवटी टॅब म्हणतो की आता आकडा टाकूच नका. अँड्रॉइडवरही प्रयत्नांना असाच लगाम असतो, फक्त वेळा कंपनीगणिक वेगळ्या. ज्यांना नऊ ठिपके जोडायचा पॅटर्न जास्त सुरक्षित वाटतो त्यांच्यासाठी जाता जाता: अँड्रॉइडच्या नियमांत बसणारे पॅटर्न एकूण ३,८९,११२ होतात. सहा आकडी पिनच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय काचेवर बोटाची रेघ उमटते ती वेगळीच.

ही शिक्षा किती लांबू शकते याचा सगळ्यात गाजलेला किस्सा अमेरिकेतला. एप्रिल २०१९ मध्ये इव्हान ऑस्नॉस या पत्रकारांनी आपल्या आयपॅडचा फोटो ट्विटरवर टाकला. त्यांच्या तीन वर्षांच्या बाळाने पासकोडवर मनसोक्त हात चालवला होता, आणि पडद्यावर लिहिलं होतं: २,५५,३६,४४२ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. हिशोब केला तर अठ्ठेचाळीस वर्षांहून जास्त! त्यांनीही शेवटी टॅब संगणकाला जोडून तो पुन्हा कोरा करण्याचाच मार्ग धरला.

मुद्दा हा, की चौथ्या-पाचव्या चुकीनंतर अंदाज लावत बसू नका. नातवाचा 'आठवला, आठवला' असा फोन आला तरी.

## कुलूप एक नाही, तीन आहेत

माझ्या मते लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. 'टॅब लॉक झाला' या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिलं कुलूप पडद्याचं. पासकोड, पिन किंवा पॅटर्न. वर सांगितलं ते सगळं याबद्दल. हे कुलूप टॅब पूर्ण पुसला की निघून जातं.

दुसरं कुलूप खात्याचं. आयपॅडवर ॲपल खातं, अँड्रॉइडवर गुगल खातं. टॅब पुसून कोरा केला तरी सुरू होताना तो विचारतो, 'आधी ज्या खात्याने हा टॅब वापरला जात होता त्याचा पासवर्ड सांगा.' ॲपलने हे २०१३ मध्ये आणलं, अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून आलं. हेतू चोराला अडवायचा. चोरलेला टॅब पुसून विकता आला असता तर चोरी फायद्याची राहिली असती. पण चोराला जे कुलूप अडवतं तेच विसरभोळ्या मालकालाही अडवतं. त्याला दोघांतला फरक कळत नाही.

तिसरं कुलूप शाळेचं, क्लासचं किंवा ऑफिसचं. संस्थेने दिलेल्या टॅबवर संस्थेचा दुरून ताबा असतो. असा टॅब कितीही वेळा पुसा, इंटरनेट मिळालं की तो पुन्हा संस्थेचीच पाटी लावून उभा राहतो. इथे घरी खटपट करण्यात अर्थ नाही. संस्थेच्या आयटी विभागाकडे जा. टॅब त्यांच्या यादीत असेल आणि इंटरनेटला जोडलेला असेल, तर त्यांना अनेकदा काहीही न पुसता दुरूनच पासकोड काढून टाकता येतो.

म्हणून टॅब हातात घेतल्यावर 'पुसायचा कसा?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, की यावर खातं कुणाचं आहे आणि त्याचा पासवर्ड आहे का? पासवर्ड नसताना पुसलात, तर पहिलं कुलूप जातं, आतला सगळा ऐवज जातो, आणि दुसरं कुलूप तसंच राहतं. तेलही गेलं, तूपही गेलं. हाती धुपाटणं, तेही लॉक झालेलं.

## माझं बोट ओळखतो की! मग पासकोड कशाला?

कधी कधी माणूस पासकोड विसरतो पण बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने टॅब उघडत राहतो. महिनोन्महिने चालतं. मग एके दिवशी बॅटरी पूर्ण उतरते, टॅब पुन्हा सुरू होतो आणि म्हणतो, पासकोड टाका.

ठशातून किल्ली बनत नाही. टॅब सुरू झाल्यावर तुम्ही एकदा पासकोड टाकता तेव्हा किल्ली बनते आणि टॅब ती आपल्याकडे सांभाळून ठेवतो. ठसा फक्त सांगतो, 'घरचाच माणूस आहे, दे त्याला.' टॅब बंद होऊन पुन्हा सुरू झाला की सांभाळलेली किल्ली गेलेली असते. आयपॅड ४८ तास उघडलाच नाही तरी तो पासकोडच मागतो.

तेव्हा पासकोड आठवत नाही पण ठसा चालतोय, अशा अवस्थेत असाल तर तुमच्यासारखा नशीबवान कुणी नाही. टॅब चार्जिंगला लावा, बंद होऊ देऊ नका, आणि आतलं जे महत्त्वाचं आहे ते आत्ताच बाहेर काढा: ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत चढवा, स्वतःला ईमेल करा, दुसऱ्या फोनवर पाठवा. आयपॅड नव्या संगणकाला जोडायला पासकोडच लागतो, त्यामुळे केबल लावून फोटो काढून घेऊ हा बेत बहुधा फसेल.

## न पुसता उघडायची वाट आहे का?

आहे, पण ती आधी तयार ठेवलेली असेल तरच. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय यात नाही.

आयपॅडवर २०२३ च्या आयपॅडओएस १७ पासून एक चांगली सोय आली. पासकोड बदलल्यापासून ७२ तासांच्या आत नवा विसरलात तर जुना चालतो. चुकीचे प्रयत्न झाल्यावर पडद्याच्या खाली 'पासकोड विसरलात?' असं येतं, त्यात जुना पासकोड टाकायचा पर्याय असतो. आत्याचा फोन नातू निघाला त्याच रात्री आला असता, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

अनेक सॅमसंग टॅबवर दुरून कुलूप काढायची सोय असते. टॅबवर सॅमसंग खातं उघडलेलं हवं, ती सेटिंग आधीच चालू हवी आणि टॅब इंटरनेटवर हवा. मग दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून सॅमसंगच्या 'फाइंड' सेवेत जाऊन टॅब उघडता येतो.

खूप जुना अँड्रॉइड टॅब, ४.४ किंवा त्याआधीचा, कपाटातून निघाला असेल तर पाच चुकांनंतर 'पॅटर्न विसरलात' असं येतं आणि गुगल खात्याने आत जाता येतं. नंतरच्या आवृत्त्यांमधून ही सोय काढून टाकली.

यातलं काहीच लागू होत नसेल तर टॅब पुसावाच लागतो.

## पुसायचंच ठरलं तर

घाई करू नका. एक रात्र जाऊ द्या.

टॅब घरच्या, त्याच्या ओळखीच्या वायफायच्या टप्प्यात चार्जिंगला लावून ठेवा. आयपॅडवर आयक्लाउड (ॲपलचा ढग) बॅकअप चालू असेल, तर पडदा बंद असताना, चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळालं की टॅब आपणहून बॅकअप घेतो. बॅकअप म्हणजे टॅबमधल्या मजकुराची ढगात ठेवलेली प्रत. शेवटचा बरोबर पासकोड टाकल्यापासून टॅब एकदाही बंद झाला नसेल तर ही संधी मिळू शकते. तोवर खात्याचा पासवर्ड बदलू नका. पासवर्ड बदलला की लॉक टॅबचा खात्याशी संबंध तुटतो आणि बॅकअपही थांबतो. ही चूक किती महागात पडू शकते ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी संगणकावरून त्याच खात्यात शिरा आणि फोटो, टिपणं, संपर्क यांतलं काय काय ढगात आहे ते डोळ्यांनी पाहा. टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल तर काढून बाजूला ठेवा. साधं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये वाचता येतं, मात्र ते टॅबनेच एन्क्रिप्ट केलेलं असेल तर नाही. खात्याचा पासवर्डच आठवत नसेल तर तो आता परत मिळवा. गुगलचा पासवर्ड नव्याने घेतलात तर टॅब पुसण्याआधी किमान २४ तास थांबा, नाहीतर दुसरं कुलूप नवा पासवर्ड मानत नाही.

आता पुसणं. आयपॅड बऱ्यापैकी नवा असेल आणि इंटरनेटला जोडलेला असेल तर संगणकाची गरज नाही. लॉकच्या पडद्यावरच पुसायचा पर्याय येतो, ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो आणि काम होतं. ही सोय डिसेंबर २०२१ मध्ये १५.२ या आवृत्तीबरोबर आली. त्याआधीचा असेल तर संगणक लागतो. टॅब बंद करायचा. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम बटण दाबून धरून केबल जोडायची. होम बटण नसेल तर वरचं बटण दाबून धरायचं. पडद्यावर संगणकाचं आणि केबलचं चित्र येईपर्यंत बोट उचलायचं नाही. याला रिकव्हरी मोड म्हणतात. मग मॅकवर फाइंडर, विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्स उघडून 'रिस्टोअर' निवडायचं. मग संगणक मोठी फाइल उतरवून घेतो. त्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर टॅब कंटाळून त्या मोडमधून बाहेर येतो. इंटरनेट मंद असलेल्या घरी हे हमखास होतं आणि माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. फाइल पूर्ण उतरू द्या आणि बटणांचा खेळ पुन्हा करा.

अँड्रॉइडवर टॅब बंद करून आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर बटण एकत्र दाबून धरायचं. काळा पडदा आणि त्यावर मेन्यू येतो. आवाजाच्या बटणांनी खाली-वर जाऊन फॅक्टरी रिसेट निवडायचं, म्हणजे टॅब कारखान्यातून निघाला तसा कोरा करायचं. नव्या सॅमसंग टॅबवर हा मेन्यू यायला केबलने संगणकाला जोडलेलं असावं लागतं. नुसती बटणं दाबून बोटं दुखली तरी मेन्यू येत नाही, तो यामुळेच. टॅब इंटरनेटवर असेल तर गुगलच्या 'फाइंड हब' मधून दुरूनही पुसता येतो.

'पुसायला तास तास लागतील ना?' असं वाटतं. तसं होत नाही. टॅब सगळी पानं खोडत बसत नाही, फक्त ती मोडी वाचायची किल्ली नष्ट करतो. पेटारा तिथेच, कागद तिथेच, पण आता ते वाचणारं कुणी उरलेलं नाही. पुसल्यानंतर 'डेटा परत आणून देतो' म्हणणाऱ्याला म्हणूनच पैसे द्यायचे नाहीत.

## "एक सॉफ्टवेअर आहे, डेटा न जाता दोन मिनिटांत उघडतं म्हणे"

असे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत. आयपॅडसाठी विकली जाणारी अशी बहुतेक सॉफ्टवेअर वर सांगितलेलं फुकटातलं रिस्टोअरच करतात, फक्त मध्ये रंगीत बटणं असतात आणि पैसे घेतात. 'डेटा जाणार नाही' या वाक्याखाली बारीक अक्षरात 'बॅकअप असेल तर' असं असतं. बॅकअप असेल तर डेटा आपणही परत आणतोच की!

यापेक्षा वाईट म्हणजे शोधून काढलेला 'कस्टमर केअर' नंबर. पलीकडचा गोड बोलतो, फोनमध्ये एक ॲप घ्यायला सांगतो, ज्यातून त्याला तुमचा पडदा दिसतो, आणि टॅबच्या नादात बँकेचं खातं रिकामं होतं. कंपनीचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खोक्यावरूनच घ्या. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे जायला हरकत नाही. बटणांचं काम तो तुमच्यापेक्षा सफाईने करेल. फक्त त्याला खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. तिथेच उभं राहून स्वतः टाका. आणि जुन्या बाजारातून टॅब घेत असाल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं खातं काढायला लावा. कोरा, भाषा विचारणारा पडदा पार करून पुढे गेल्यावर जुन्याच मालकाचं खातं मागितलं गेलं, तर पैसे खिशात ठेवा.

## पोलिसांना जमतं, मग आपल्याला का नाही?

हा आक्षेप आत्याच्या शेजाऱ्यांनी घेतला आणि तो रास्त आहे.

२ डिसेंबर २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे गोळीबारात १४ जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या हाती लागला, तोही लॉक. फोन हल्लेखोराच्या सरकारी नोकरीतला होता. एफबीआयच्या सांगण्यावरून त्या कार्यालयाने त्याच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड बदलला, आणि ओळखीच्या वायफायवर नेऊन ताजा बॅकअप घेण्याची वाट बंद झाली. नंतर एफबीआयच्या प्रमुखांनी ही चूक झाल्याचं मान्य केलं. वर म्हटलं ना, पासवर्ड बदलायची घाई नको, ते याच साठी. आणखी एक गंमत: फोन दुरून उघडता येईल असं तिसऱ्या कुलपाचं सॉफ्टवेअर त्या सरकारी कार्यालयाने विकत घेतलेलं होतं, पण या फोनवर बसवलंच नव्हतं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला आदेश दिला, की वाट बघायची शिक्षा काढून टाकणारं खास सॉफ्टवेअर बनवून द्या. ॲपलने नकार दिला. एकासाठी बनवलेली अशी किल्ली उद्या सगळ्यांच्या कुलपांना लागेल, हा त्यांचा युक्तिवाद. प्रकरण रंगणार एवढ्यात मार्चच्या अखेरीस एफबीआयने सांगितलं की तिसऱ्या कुणाच्या तरी मदतीने फोन उघडला. तो फोन उघडून देणारी ऑस्ट्रेलियातली एक छोटी सुरक्षा कंपनी होती, असं वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये छापलं.

अशा कंपन्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात. पासकोड त्यांनाही माहीत नसतो. शिक्षेला बगल द्यायची फट सापडली की मग एकेक आकडा टाकून पाहायचा. आधीचा हिशोब आठवा: चार आकडी असेल तर तेरा-चौदा मिनिटं. फट कळली की टॅबची कंपनी ती बुजवते, मग हे नवी शोधतात. ही साधनं तपास यंत्रणांना विकली जातात, किंमत भारी असते आणि नव्या टॅबवर चालतीलच असं नाही. कीर्तनाच्या टॅबसाठी ती वाट कुणालाच खुली नाही. तपास यंत्रणेला अशी सोय असावी का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला मात्र माझ्या टॅबचं कुलूप कंपनीला उघडता येत नाही, हेच बरं वाटतं. कंपनीतल्या एकाला उघडता आलं, की त्याला पैसे चारणाऱ्या दुसऱ्यालाही ते उघडता येतं.

## माणूसच गेला तर?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग एक दिवस विचारावा लागतो. वडील गेले, टॅबमध्ये त्यांचे फोटो, पासकोड कुणालाच माहीत नाही. मृत्यूचा दाखला दाखवला तरी पासकोड निघत नाही, कारण तेच, किल्लीचा अर्धा भाग त्यांच्याबरोबर गेला.

पण ढगातलं मिळू शकतं. ॲपल खात्यात हयातीतच 'लेगसी काँटॅक्ट' म्हणून जवळचा माणूस नेमता येतो. त्याला एक खास किल्ली मिळते. पुढे ती आणि मृत्यूचा दाखला सादर केला की आयक्लाउडमधला मजकूर मिळतो आणि टॅबवरचं खात्याचं कुलूप निघतं, म्हणजे टॅब पुसून वापरता येतो. गुगलमध्ये अशीच सोय आहे: खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. दोन्ही कामं मिळून अर्धा तास लागतो. घरातल्या म्हाताऱ्यांपुढे हा विषय काढणं अवघड जातं खरं. आत्याने मात्र मुलालाच लेगसी काँटॅक्ट नेमून टाकलं. म्हणाली, "एलआयसीच्या फॉर्मवर नॉमिनी लिहितोच की, तसंच हे."

## पण पासवर्ड लिहून ठेवू नका म्हणतात ना?

ऑफिसच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवू नका, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या कपाटातला कागद इंटरनेटवरच्या चोराला दिसत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पासकोड पाठ असावा असा आग्रह धरायचा आणि लिहून ठेवायला बंदी करायची, हा जुलूम आहे. पासकोड, खात्याचं नाव आणि पासवर्ड एका वहीत, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ही खात्री. एवढं पुष्कळ झालं.

त्या नंबरानेच आत्याच्या बाबतीत एक दिवस खाल्ला. मुलाने न्यू जर्सीहून आयपॅड पाठवताना आत्याच्या नावे खातं उघडलं होतं, पण जोडलेला नंबर त्याचा. आम्ही सकाळी नऊला टॅब पुसला आणि पुन्हा खात्यात शिरायला गेलो, तर ओटीपी गेला तिकडे. तिथे रात्रीचे साडेअकरा, तो गाढ झोपलेला. संध्याकाळपर्यंत आयपॅड कोऱ्या पडद्यावर बसून होता.

मग बॅकअप उतरला, फेब्रुवारीतला. फुकटची ५ जीबी जागा तेव्हाच भरली होती आणि 'जागा संपली' ही सूचना आत्या दर वेळी बोटाने बाजूला सारत होती. फोटोंचं फारसं बिघडलं नाही, ते व्हॉट्सॲपमुळे सगळ्यांच्याच फोनमध्ये होते. पण मार्च ते मे या काळात तिने सासूबाईंकडून शिकलेल्या जात्यावरच्या अकरा ओव्या स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या, त्या गेल्या.

नवा पासकोड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहिलेला आहे. बॅकअपची जागा मुलाने वाढवून घेतली. ओव्या पुन्हा रेकॉर्ड करणं चालू आहे, आत्तापर्यंत चार झाल्या. पाचवीची दुसरी ओळ तिला आठवत नाहीये.